दोघांत एक रायफल

नंदू, तू चुकीची रायफल घेतलीस. तुला जाऊन अठरा दिवस झाले, तरी मी हेच म्हणणार. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मग मी भांडू कोणाशी? इथे परदेशात, या टूवूंबात, माझ्याशी समोरासमोर भांडणारा तू एकटाच होतास. बाकीचे "बरोबर आहे तुमचं" म्हणतात आणि मी वळलो की हसतात.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार चांगले शब्द लिहा, असा निरोप आला. ते बाकीचे लिहितीलच. 'मनमिळाऊ' आणि 'हसतमुख' हे दोन शब्द तुझ्या घरी बसलेल्या माणसांकडून मी इतक्यांदा ऐकले की शेवटी उठून बाहेर अंगणात गेलो. तिथे तुझी व्हॅन उभी होती. मागच्या खिडकीतून वायरची भेंडोळी दिसत होती, नीट गुंडाळलेली. मला चांगले शब्द सुचले नाहीत. मला एवढंच सुचलं की हा माणूस आठ महिने मला बोलावत होता आणि मी गेलो नाही.

सुरुवात तुझ्यामुळे झाली, हे लिहून ठेवतो. पंपांची वायरिंग करायला तू शेतांवर फिरायचास. डाल्बीच्या बाजूला ग्रेग नावाच्या शेतकऱ्याची ज्वारी रानडुकरांनी लोळवली होती आणि तो तुला म्हणाला, तू आणि तुझा एखादा मित्र बंदूक चालवायला शिकलात तर माझं रान तुम्हाला मोकळं. तू ते ऐकून थेट माझ्या जुन्या गाड्यांच्या यार्डात आलास. मी एका जुन्या यूटचा, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीचा, सौदा करत होतो. गिऱ्हाइकासमोरच म्हणालास, "डावऱ्या, आपण रायफल घ्यायची. दोघांत एक."

माझ्या सख्ख्या भावानेही मला त्या नावाने हाक मारली नाही कधी. इचलकरंजीला आमच्या घरात डावा हात हा लपवायचा विषय होता. डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, पैसे घ्यायचे नाहीत, जेवायचं तर नाहीच. शाळेत पट्टीचा मार खाऊन मी उजव्या हाताने लिहायला शिकलो. तेव्हापासून माझा नियमच आहे, जग जसं बनवलंय तसं वापरायचं आणि तक्रार करायची नाही. तू मात्र पहिल्याच भेटीत, मी पाना कुठल्या हातात धरतो ते पाहिलंस आणि डावऱ्या म्हणालास. मला राग यायला हवा होता. आला नाही.

तेव्हा माझं यार्ड म्हणजे भाड्याचा पत्रा आणि तीन बंद पडलेल्या गाड्या होत्या. त्यातली वायरिंग तू एका रविवारी येऊन केलीस आणि बदल्यात काय घेतलंस, तर वहिनींच्या गाडीला दोन जुने टायर. तू घासाघीस करून चांगल्यातले दोन नेलेस, असं मी सगळीकडे सांगायचो. खरं तर घासाघीस तू केलीच नाहीस. तुला ती यायचीच नाही.

लायसन्सचा कोर्स आपण एकत्र केला, नेमबाजीच्या क्लबात एकत्र नाव घातलं. एक रायफल एकाच माणसाच्या नावावर लागते, हे कळल्यावर तू लगेच म्हणालास, "तुझ्या नावावर लाव." मी म्हणालो, "तुझ्या लाव, उद्या काही झालं तर पोलीस तुझ्याकडे येतील." तू खो खो हसलास. नाव एकाचं असलं तरी लायसन्स असलेला दुसरा ती वापरू शकतो, एवढं आपल्याला पुरेसं होतं.

मग आपला वाद सुरू झाला. तो अजून संपलेला नाही. एकच रायफल, खिशाला परवडणारी, रविवारी रेंजवर कागदाचं टार्गेट मारायला चालली पाहिजे आणि ग्रेगच्या रानात डुकरालाही. मी म्हणत होतो टू-टू-थ्री. छोटी गोळी, स्वस्त, खांद्याला धक्का नाही. तू म्हणत होतास थ्री-ओ-एट. मोठी गोळी, महाग, धक्का असा की संध्याकाळी खांदा शेकावा लागतो.

"वर्षातून दोनदा डुक्कर आणि पन्नास वेळा कागद," मी म्हणायचो. "आधी कागदाचा विचार कर."

"कागद जखमी होऊन पळत नाही," तू म्हणायचास. "डुक्कर पळतं. अर्धवट मारून मला घरी येऊन जेवता येणार नाही."

 यावर मी आवाज चढवायचो.

आणखी एक मुद्दा होता. तो तू एकदाच काढलास. ग्रेगने आपल्याला त्याची स्वतःची रायफल देऊन एका सकाळी रानात नेलं होतं. एक मोठं डुक्कर समोर आलं, माझी पहिली गोळी चुकली. दुसरी भरायला बोल्ट ओढायला हवा. तो दांडा असतो उजव्या बाजूला, आणि मी रायफल धरतो डाव्या खांद्याला. म्हणजे मला डावा हात सोडून रायफलच्या वरून पलीकडे न्यावा लागतो. तो नेईपर्यंत नजर दुर्बिणीतून हलली आणि डुक्कर ज्वारीत गेलं. ग्रेग हसला. मी म्हणालो, ऊन डोळ्यावर होतं.  परतीच्या रस्त्यात तू म्हणालास, "डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते म्हणे. बोल्ट डावीकडे असलेली."

मी तुला अर्धा तास व्याख्यान दिलं. अशी रायफल दुकानात नसते, मागवावी लागते. मागवलेल्या वस्तूवर दुकानदार काही सोडत नाही. आणि उद्या विकायची झाली तर घेणार कोण? दहातला एक डावखुरा, त्याला नेमकी रायफल हवी असायला पाहिजे, नेमकी हीच. घेतानाच विकायचा विचार करावा, हे मी तुला शंभर वेळा सांगितलं होतं.

"तू प्रत्येक वस्तू विकण्यासाठीच घेतोस," तू म्हणालास. गाडी चालवत होतास, माझ्याकडे बघितलंही नाहीस. "एखादी ठेवण्यासाठी घ्यावी रे."

मी म्हणालो, पंपाच्या तारा जोडणाऱ्याने मला धंदा शिकवू नये.

कॉलिनच्या बंदुकांच्या दुकानात जे झालं ते तू सगळ्यांना रंगवून सांगायचास, आणि दर वेळी मी चिडायचो. आता सांगणारा तू नाहीस, तर मीच सांगतो. माझ्या आईने मला बाजार शिकवला होता. भाव पटला नाही की वस्तू खाली ठेवायची आणि चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. दहा पावलांच्या आत मागून हाक येते. त्या दहा पावलांवर मी माझं आयुष्य उभं केलं. पहिला पत्रा, पहिली यूट, टायरचा पहिला लॉट, सगळं दहा पावलांत.

कॉलिनला मी विचारलं, शेवटचा भाव काय? तो म्हणाला, "चिकटवलाय तोच, मेट." मी रायफल काउंटरवर ठेवली आणि चालायला लागलो. दार आलं. पार्किंग आलं. मी यूटमध्ये जाऊन बसलो. बराच वेळ बसलो. मग तू एकटा बाहेर आलास, ओठ दाबून हसू आवरत.

"काय म्हणाला?"

"काही नाही. दुसऱ्या माणसाला दुर्बीण दाखवतोय." तू दार लावलंस. "अरे, त्याला कळलंही नाही की तू रागावून गेलायस. त्याला वाटलं तुला उशीर झाला. 'हॅव अ गुड वन' म्हणाला."

"दोन आठवडे थांब. स्वतः फोन करेल."

त्याने फोन केला नाही. ती रायफल विकली गेली. दुसरी आली, मी पुन्हा चालत बाहेर आलो. तीही गेली. असे तीन महिने गेले. तू दर शनिवारी विचारायचास, "डावऱ्या, आज घ्यायची का?" आणि मी म्हणायचो, "पिकू दे त्याला." ग्रेगची ज्वारी पिकली, कापून झाली, कॉलिन काही पिकला नाही.

आणि मग एका दुपारी मी पुन्हा त्याच्या काउंटरवर गेलो तर तो आनंदाने म्हणाला, तुझ्या मित्राने घेतली की! पूर्ण किमतीत! गुड ब्लोक!

नंदू, तो क्षण मी तुला आजही माफ केलेला नाही. तीन महिने मी जिथे पाय रोवून उभा होतो तिथे तू मुकाट पाकीट उघडलंस. मला न सांगता. त्या दुकानदारासमोर मी कोण ठरलो? तिथूनच तुला फोन लावला.

"घेतलीस?"

"घेतली. तुला सांगणारच होतो."

"पूर्ण किमतीत?"

"ह्या मॉडेलवर तो काही सोडत नाही रे."

"कोणतं मॉडेल?"

"सांगत नाही. ये आणि बघ."

"तुझी बंदूक, तूच बघ," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी रेंजवर जाणं सोडलं. तू मेसेज पाठवलास, 'रविवारी ये. एकदा हातात घे तरी.' मी तो वाचला आणि तसाच ठेवला. क्लबातून कानावर आलं की नंदूचा नेम बिघडलाय, पूर्वी क्लबच्या रायफलने पहिल्या तिघांत असायचा, आता कागदाच्या कडेला मारतो. मला बरं वाटलं. हेही लिहितो. बरं वाटलं.

संक्रांतीला मंडळाच्या हॉलमध्ये तू माझ्यासमोर तिळगूळ धरलास. सगळे बघत होते. मी म्हणालो, "गोड बोलायचंय? आधी रिसीट दाखव."

"दाखवतो की. घरी ये."

"नको. ऐकलंय मी. महाग बंदूक, स्वस्त नेम."

सगळे हसले. तूही हसलास. मी तुझ्या हातातला तिळगूळ उचलला आणि खिशात टाकला. तो खाल्ला नाही. ते जाकीट मी परवा पाहिलं. खिशात मुंग्या लागल्या होत्या.

शेवटी तू यार्डात आलास. तुला गाडीचं काही काम नव्हतं, टायरवर उगाच पायाने मारत उभा राहिलास. मी एका गिऱ्हाइकाला बॉनेट उघडून दाखवत होतो.

"ग्रेगकडे डुकरं परत आलीत. शनिवारी जाऊ," तू म्हणालास.

"बघू."

हा आपला बाजारातला शब्द. 'नाही' म्हणायचं नाही आणि 'हो' देऊन टाकायचं नाही. तू टायरला आणखी एकदा पाय मारलास. मग व्हॅनकडे चालायला लागलास. सावकाश चालत होतास, नेहमीपेक्षा सावकाश. मी बॉनेटच्या आडून बघत होतो. मागून हाक मारायची पाळी माझी होती, नंदू. मला नियम माहीत होता. तुला त्यातलं काही येत नव्हतं, तरी तू हळू चाललास. आणि मी ठरवलं की अजून थोडा पिकू दे.

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. तू ग्रेगच्या पंपापाशी बसल्या जागी गेलास म्हणाल्या. पुढचं मला नीट आठवत नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, ती कपाटातली वस्तू. माझ्याकडे लायसन्स नाही. पोलीस म्हणाले, लायसन्सवाल्या माणसाने दुकानात जमा करायची. तुमच्याशिवाय कोणाला सांगू?" त्या तुझ्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मला चहा हवा का तेही त्यांनी विचारलं नाही, आणि त्याचंच मला बरं वाटलं.

लोखंडी कपाट उघडलं. रायफल बाहेर काढली. पहिला नियम, आत गोळी नाही ना बघायचं. मी ती धरली आणि माझा डावा हात सवयीने वरून पलीकडे गेला.

पलीकडे काही नव्हतं. नुसतं गुळगुळीत लोखंड. मी दोनदा चाचपलं. मग खाली बघितलं. बोल्ट अलीकडे होता. माझ्या बाजूला, माझ्या हाताच्या अगदी जवळ. ओढला तर लोण्यासारखा मागे आला. हात कुठे न्यावा लागला नाही, मान वळवावी लागली नाही.

मी तो पुढे ढकलला, पुन्हा ओढला. वहिनी दारात आल्या होत्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "ब्रिस्बेनहून मागवली. सात आठवडे लागले. मी म्हटलं, अहो, मग त्यांना सांगा तरी, एवढे रागावलेत. तर म्हणाले, सांगितलं तर म्हणेल परत कर, विकली जाणार नाही. हातात आली की गप्प बसेल."

कपाटाच्या तळाशी तुझे कागद होते, रेंजवरचे टार्गेट. सगळी भोकं कडेला, विखुरलेली. उजव्या हाताचा माणूस तू, आठ महिने उलट्या बाजूच्या बोल्टने मारत राहिलास, क्लबातल्या लोकांचं ऐकून घेत राहिलास. का? कपाटात बंद ठेवून वाट बघता आली असती. की मी एखाद्या रविवारी अचानक आलोच तर ती तेल पाजलेली, झीरो केलेली, म्हणजे दुर्बीण नेमाला जुळवलेली, तयार असावी म्हणून? हे वहिनींना विचारायचं माझं धाडस झालं नाही. उत्तर मला माहीत आहे.

गोळी मात्र थ्री-ओ-एट. तिथे तू ऐकलं नाहीसच. माझ्यासाठी रायफल घेतलीस तीही तुझ्या गोळीची. ही चूकच आहे. वर्षातून दोनदा डुक्कर आणि पन्नास वेळा कागद, हे मी आजही सिद्ध करून दाखवीन. तू बस समोर.

मंगळवारी ती कॉलिनकडे जमा केली. त्याने टोपी काढली, सॉरी म्हणाला, आणि मग कागदपत्रं करता करता म्हणाला की डावखुऱ्याची आहे, लवकर खपायची नाही. तुला हवी असेल तर परमिटचा अर्ज भर. बाईंना फारसं काही द्यावं लागणार नाही, अर्ध्यात मिळेल.

अर्ध्यात. मी कोणाला ते ऐकवायला हवं होतं, सांग.

"त्याने दिली त्याच किमतीत घेणार," मी म्हणालो. "पूर्ण." काही विकत घेताना माझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा निघाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने अर्ज पुढे सरकवला.

अर्जात एक रकाना आहे, रायफल कशासाठी हवी. शिकार आणि नेमबाजी, असं लिहायचं असतं. ते खरं असायला हवं. मी पेन हातात घेतलं, कोणास ठाऊक का, डाव्या. कोणाबरोबर जाणार मी ग्रेगच्या रानात? रेंजवर माझ्या शेजारी कोण आडवं होऊन म्हणणार आहे, डावऱ्या, श्वास सोड आधी? मी ते दोन शब्द लिहू शकलो नाही. अर्ज कोराच घडी करून खिशात घातला. कॉलिन म्हणाला, "नो वरीज, मेट, सावकाश ये. ती कुठे जात नाही."

मग मी चालायला लागलो. काउंटरपासून दार, दारापासून पार्किंग. या वेळी मला काही नको होतं, कुठला भाव पाडायचा नव्हता. तरी पायांना सवय आहे, ते मोजतात. यूटपाशी पोचलो तेव्हा दहा कधीच होऊन गेली होती. मी हँडलवर हात ठेवून उभा राहिलो. ऊन होतं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग काहीच गेलं नाही.

इथे मागून हाक मारायची पद्धत नाही, नंदू. मारणारा एक तूच होतास. मी फोन ठेवल्यावरही तीनदा मारलीस.